कोल्ह्याची तंबाखू

मागचे दोन भाग किल्ल्यांवरच्या तोफांचे झाले. त्यावर काही जणांनी कळवलं, की कर्नलसाहेब, तोफा पुरे झाल्या, आता जरा शांततेचं काहीतरी सांगा. ठीक आहे. आज एका रानटी झाडाचा इतिहास सांगतो. शेवटी तोही फौजेत येऊन पोचतो, त्याला माझा इलाज नाही.

सुरुवात घरापासून करतो. मी राहतो बंगळुरूच्या कोरमंगलात. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर राजकालुवे आहे. राजकालुवे म्हणजे जुन्या तळ्यांना एकमेकांशी जोडणारा पाण्याचा मोठा कालवा. पावसाचं पाणी या कोरमंगला खोऱ्यातून वाहत बेळंदूर तळ्याला जाऊन मिळायचं. आता त्या कालव्याला सगळे गटारच म्हणतात, आणि वास घेतला तर त्यांचं फारसं चुकतही नाही. गेल्या जानेवारीत त्याच्या कडेनं नातवाबरोबर चाललो होतो. भिंतीला लागून, बांधकामाच्या राडारोड्यात, कमरेएवढं एक झाड उभं होतं. लांब तुरा, त्यावर नखाएवढी पिवळी फुलं, आणि फुलाच्या मध्यभागी जांभळट केसाळ झुपका, जणू फुलाला मिशा फुटल्या आहेत. खालची पानं मुळ्याच्या पानासारखी कातरलेली.

नातू सातवीत आहे. त्यानं फोनवर फोटो काढला आणि नाव शोधलं. मग ओरडलाच. "आजोबा, हे आपल्या कोरमंगलाचं फूल आहे. नावातच आहे बघा!" मी बघितलं. जुनं नाव लिहिलं होतं, सेल्सिया कोरोमांडेलियाना. त्याचा आनंद मोडायला जिवावर आलं, पण इतिहास सांगायचा म्हटलं की हे करावंच लागतं. कोरोमांडेल म्हणजे चोळमंडल, आपला पूर्व किनारा. कोरमंगला हे कानडी गावाचं नाव. दोन्ही शब्द उच्चाराला शेजारी आहेत, नात्यानं नाहीत. त्याला म्हटलं, पण तुझं फूल मात्र खानदानी आहे. याचा एक थोरला भाऊ मला हिमालयात भेटला होता, आणि त्यानं मला एक रात्र अशी दाखवली की ती अजून विसरलो नाही.

या घराण्याचं शास्त्रीय नाव व्हर्बास्कम. इंग्रजीत मुलेन. साहेबाच्या तोंडून ऐकलं तर ते जवळजवळ आपल्या 'मलिन'सारखं ऐकू येतं, आणि एवढ्या देखण्या झाडाला ते नाव शोभत नाही. म्हणून मी मुलेन म्हणतो. जगात याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक एकट्या तुर्कस्तानात सापडतात. म्हणजे माहेर तिथलं. भारतात मात्र सहज भेटणारे दोनच, मैदानातला धाकटा आणि हिमालयातला थोरला.

आधी धाकट्याची गोष्ट, कारण त्याच्या नावात आपला एक किल्ला अडकला आहे.

अठराव्या शतकात चोळमंडल किनाऱ्यावर तरंगंबाडीला डेन्मार्कची वसाहत होती. इंग्रज तिला ट्रांकेबार म्हणत. १७६८ मध्ये योहान गेरहार्ड कोनिग नावाचा वैद्य तिथे आला. हा लिनियसचा शिष्य. त्याच्यामुळे दक्षिण भारतातल्या वनस्पती वाळवून, कागदावर डकवून युरोपात जाऊ लागल्या. स्वतः लिनियसनं १७७१ मध्ये आपल्या या झाडाला नाव दिलं ते 'चिनी' म्हणून आणि घातलं दुसऱ्याच एका घरात. पुढे १७९४ मध्ये कोपनहेगनच्या मार्टिन वालनं त्याला सेल्सिया कोरोमांडेलियाना म्हटलं. यातला सेल्सिया कोण? आपल्याला सेल्सियस माहीत आहे तो थर्मामीटरचा. हा तो नव्हे, त्याचा काका ओलोफ. उपसालाचा धर्मशास्त्राचा प्राध्यापक आणि हौशी वनस्पतीतज्ज्ञ. लिनियस विद्यार्थिदशेत अगदी फाटका होता, तेव्हा या ओलोफनं त्याला घरात ठेवून घेतलं. लिनियसनं ते उपकार एका झाडावर लिहून ठेवले. मला हा हिशेब फार आवडतो.

सेल्सिया वेगळा का मानला? मुलेनच्या फुलात पुंकेसर पाच, सेल्सियात चार. एवढ्यावर कित्येक वर्षं दोन घरं वेगळी राहिली. मग अभ्यासकांच्या लक्षात आलं, की केवळ एका पुंकेसरासाठी भाऊबंदकी कशाला! आणि ही वाटणी मोडून आपल्या झाडाला आजचं नाव, व्हर्बास्कम चायनेन्स, कुठे मिळालं? पुरंदरच्या पुस्तकात!

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे जेझुइट. १९२८ मध्ये भारतात आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत राहिले. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७० मध्ये वारले. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचं पुस्तक आहे, आणि १९५८ मध्ये निघालेलं दुसरं पुस्तक आहे पुरंदरच्या वनस्पतींवर. १९४४ ते १९५६ एवढ्या काळात गडावर सापडलेल्या फुलझाडांची ती यादी. त्या यादीत त्यांनी या झाडाला सेल्सियाच्या घरातून काढून मुलेनच्या घरात आणलं. तेव्हापासून जगात कुठेही या झाडाचं पूर्ण नाव लिहायचं झालं, तर मागे 'सांतापाव' लागतं आणि संदर्भ म्हणून पुरंदर येतं.

पुरंदर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म. १६६५ मध्ये दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजी देशपांडे आणि मग तो तह. इतिहासाच्या पुस्तकात गड तिथेच संपतो. पण गडाला पुढेही आयुष्य असतं. १८१८ नंतर इंग्रजांनी तिथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान केलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन कुटुंबं नजरकैदेत ठेवली. आणि त्याच सुमारास हे फादर झोळी घेऊन गडाच्या उतारावर गवत उलथत होते. १९७८ मध्ये एनसीसीचा कॅडेट म्हणून मी त्याच गडावर दहा दिवस काढले. पहाटे पाचला माचीवर पळायचं, चर्चच्या पडक्या भिंतीपाशी दम खायचा. त्या भिंतीच्या बुडाशी हे फूल असेल, नसेल. मी पाहिलं नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा फुलं बघायला गडावर जात नाही.

आता थोरला.

हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत, रस्त्याच्या कडेला तुम्ही तो पाहिला असेल. शास्त्रीय नाव व्हर्बास्कम थॅप्सस. तिकडची माणसं म्हणतात गीदड तमाकू. कोल्ह्याची तंबाखू! आपण जसं खोट्या किंवा निरुपयोगी वस्तूला 'रान' नाहीतर 'कुत्रा' लावतो, तसं तिकडे 'गीदड' लावतात. पानं तंबाखूसारखीच रुंद, पण हात लावला तर ब्लँकेट. दोन्ही बाजूंनी दाट पांढरट लव. पहिल्या वर्षी फक्त पानांचा एक गालिचा, जमिनीला चिकटलेला. हिवाळाभर बर्फाखाली तो तसाच दबून राहतो. दुसऱ्या वर्षी मधून दांडा उठतो तो माणसाच्याही वर जातो, दोन मीटर सहज. त्यावर पिवळी फुलं, पण सगळी एकदम नाहीत. रोज थोडी पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. बी पडलं की झाड मरतं. वाळलेला काळा दांडा मात्र पुढचा हिवाळाभर संत्र्यासारखा उभा. अंधारात गस्तीवर असताना अशा दांड्याला 'कौन है' म्हणून हटकलेले जवान मला माहीत आहेत. एका अधिकाऱ्यानंही हटकलं होतं. नाव विचारू नका.

या झाडाची एक खोड आहे. दाट गवतात, जंगलात ते येत नाही. त्याला उघडी, खणलेली, उकरलेली जमीन लागते. डोंगर फोडून नवा रस्ता काढला, की दोन वर्षांत कडेला मुलेन. खंदक खणून सोडून दिला की मातीच्या ढिगावर मुलेन. छावणी हलली की तंबूंच्या जागी मुलेन. नकाशावर न दाखवलेली जुनी ठाणी मी या झाडावरून ओळखली आहेत. जिथे माणसानं फावडं मारलं, तिथे हे हजर. अमेरिकेतही असंच झालं. युरोपातून गेलेल्या लोकांनी ते बरोबर नेलं, अठराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियात लावलं, आणि ते नांगराच्या मागोमाग असं पसरलं की पुढच्या काही अभ्यासकांना ते तिथलंच वाटलं.

युरोपातल्या बाकीच्या जाती थोडक्यात सांगतो. थोरल्यासारखेच दिसणारे पण मोठ्या फुलांचे दोन आहेत, डेन्सिफ्लोरम आणि फ्लोमॉइडिस. औषधाला मुख्यतः हे दोन आणि थॅप्सस असे तिघे चालतात. काळा मुलेन, म्हणजे नायग्रम, त्याच्या पुंकेसरांना जांभळे केस. पांढरा मुलेन लिक्नायटिस. ब्लाटेरियाचं पान गुळगुळीत, आणि नाव झुरळावरून, कारण लॅटिनमध्ये ब्लाट्टा म्हणजे झुरळ. फिनिसियम जांभळ्या फुलांचा, बागेत लावतात. तुर्कस्तानातला बॉम्बिसिफेरम तर असा चंदेरी लवेचा, की पाऊस पडून गेल्यावर पानांवर पारा सांडल्यासारखा दिसतो. थॅप्सस या नावाबद्दल एक खुलासा, कारण फौजी श्रोते विचारणारच. इसवी सनापूर्वी ४६ मध्ये ज्युलियस सीझरनं आजच्या ट्युनिशियात थॅप्ससची लढाई जिंकली, शत्रूकडे हत्ती असताना. ती लढाई आणि हे झाड यांचा संबंध नाही. पिवळा रंग देणाऱ्या एका झाडाला ग्रीक लोक थॅप्सोस म्हणत, त्या पिवळेपणातून हे नाव आलं असं बहुतेक मानतात.

पण ग्रीकांकडे आलोच आहोत तर डायोस्कोरिडीसला भेटलंच पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा वैद्य, गाव अनाझार्बस, म्हणजे आजचं तुर्कस्तान, मुलेनचंच माहेर. त्याचा औषधींवरचा ग्रंथ युरोपात आणि अरबांत दीड हजार वर्षं वापरात होता. प्रस्तावनेत तो स्वतःबद्दल सांगतो की आपलं आयुष्य शिपायासारखं गेलं. म्हणजे तंबूत राहून, चालत, गावोगाव बघत शिकलेला माणूस. मुलेनच्या जाती तो वेगवेगळ्या सांगतो. एकीची पानं दिव्याच्या वातीला चांगली म्हणतो. जर्मन लोक आजही मुलेनला राजाची मेणबत्ती म्हणतात, ते उगाच नाही. वाळलेला दांडा चरबीत बुडवला की मशाल तयार. आणि तोच डायोस्कोरिडीस सांगतो, की याचा काढा जुन्या खोकल्याला द्यावा.

बघा, इथून सुरू झालं. जुना खोकला. दोन हजार वर्षं ही एक ओळ या झाडाला चिकटून चालत आली आहे.

त्याआधी ॲरिस्टॉटलनं या झाडाचा वेगळाच उपयोग नोंदवला आहे. नदीत, तळ्यात हे झाड टाकून लोक मासे मारतात, फिनिशियन लोक तर समुद्रातही, असं तो लिहितो. आपल्याकडे सह्याद्रीत रामेठा ठेचून डोहात टाकतात, तसाच हा प्रकार. मुलेनच्या बियांतलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर काम करतं आणि मासे गुदमरून वर येतात. ज्या झाडानं माशाचा श्वास कोंडतो तेच झाड माणसाचा श्वास मोकळा करतं, अशी ही समजूत. मला यात गंमत वाटते, पण विज्ञानाच्या दृष्टीनं त्यात विरोध नाही. कल्ले वेगळे, घसा वेगळा.

इंग्लंडात शेतकरी गुरांच्या छातीच्या दुखण्यावर मुलेन देत, त्यामुळे त्याला बैलाच्या फुप्फुसाची वनस्पती असं नाव पडलं. आयर्लंडात लोक क्षयावर ताजी पानं दुधात उकळून, फडक्यातून गाळून देत. गाळायचं कारण पानावरचे केस, ते घशात गेले तर खोकला थांबायच्या ऐवजी वाढतो. डब्लिनचे डॉक्टर क्विनलन यांनी हा उपाय आपल्या क्षयरोग्यांवर करून पाहिला आणि १८८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. खोकल्याला आराम पडतो, सुरुवातीच्या रुग्णांना वजन राखायला मदत होते, पण रात्रीच्या घामावर काही परिणाम नाही, असा सरळ अहवाल. तारीख लक्षात घ्या. १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जाहीर केला होता. म्हणजे शत्रूची ओळख पटली होती, दारूगोळा मात्र अजून नव्हता. तो येईपर्यंत आणखी साठ वर्षं गेली. तोपर्यंत दुधातलं मुलेन पिणाऱ्याला मी हसणार नाही.

धुराचीही परंपरा आहे. वाळलेली पानं चिलमीत घालून दमेकरी ओढत. आपल्याकडे त्या कामी धोतरा. १८०२ च्या सुमारास मद्रासच्या डॉक्टर अँडरसननी जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याला दम्यावर धोतऱ्याचा धूर सांगितला, आणि जनरलसाहेबांनी ती विद्या इंग्लंडला नेली. तिथे पुढे शंभर वर्षं दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यात श्वासनलिका सैल करणारं द्रव्य खरोखर आहे, आणि विषही आहे. मुलेन त्या मानानं गरीब. घशावर बुळबुळीत लेप बसवतो, खवखव कमी करतो. एवढंच.

आता ती रात्र.

१९८६. मी कॅप्टन होतो, वय सत्तावीस. उत्तर काश्मीर, पोस्ट बारा हजार फुटांच्या आसपास. जागेचं नाव सांगत नाही, जुनी सवय. आमचा एक शिपाई, गाव माण तालुक्यातलं, दोन महिन्यांची सुट्टी संपवून परत आला. उंचीवर चढायचा नियम असतो. पहिल्या टप्प्याला सहा दिवस थांबायचं, शरीराला सवय होऊ द्यायची, मग वर. पोस्टवर माणसं कमी होती. दोन जण आजारी होऊन खाली गेले होते. मी त्याला तिसऱ्या दिवशीच वर बोलावून घेतलं. तो जुना माणूस, आधी दोनदा इथे राहून गेलेला, त्याला काय होतंय! कागदावर सही माझी.

वर आल्यावर दुसऱ्या रात्री त्याला कोरडा खोकला लागला. आमच्याकडे एक म्हातारा पोर्टर होता. त्यानं थैलीतून गीदड तमाकूची वाळलेली पानं काढली, डब्यात निखाऱ्यावर टाकली आणि धूर दिला. तिकडे घरोघर चालतं ते. खरोखर तासाभरात खोकला बसला. शिपाई म्हणाला, "साहेब, बरं वाटतंय." मी म्हटलं, "झोप आता, सकाळी बघू." आणि मी जाऊन झोपलो.

पोस्टवर नर्सिंग असिस्टंट होता, केरळचा, तेवीस वर्षांचा पोरगा. तो झोपला नाही. रात्री एक वाजता त्यानं मला उठवलं. "साहब, पीठ पर कान लगाइए. पानी की आवाज़ आ रही है." मी कान लावला. भात शिजताना येतो तसा बुडबुड आवाज. ओठ निळे पडलेले. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, तो प्रकार. माणूस स्वतःच्याच छातीत बुडतो. इलाज दोन, ऑक्सिजन आणि खाली उतरवणं. आमच्याकडे एक सिलिंडर होता, तोही अर्धा. दीड वाजता स्ट्रेचर निघालं. आठ जण, आळीपाळीनं. मी पुढे कंदील धरून. अंधारात साडेतीन हजार फूट उतरायला उजाडलं. खाली रस्ता लागला तेव्हा दोन्ही बाजूंना मुलेनचे वाळलेले दांडे उभे होते, रांगेत, सलामीला उभे असल्यासारखे. मला त्यांच्याकडे बघवेना.

तो वाचला. पण मेडिकल कॅटेगरी घसरली, पुन्हा उंचीवर जाऊ शकला नाही, बढतीही अडली. दिवाळीला फोन करतो. त्यानं मला कधी दोष दिला नाही, आणि तेच जड जातं.

मला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानातले जवान विमानानं थेट लडाखला उतरवले गेले, आणि हा आजार आपल्या फौजेनं फार मोठी किंमत मोजून शिकला. लेहच्या लष्करी रुग्णालयातल्या १०१ रुग्णांचा अभ्यास मेनन या आपल्याच डॉक्टरांनी १९६५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. सगळं जग तो आजार ज्या मोजक्या लेखांतून शिकलं, त्यांतला हा एक. त्या अभ्यासावर उभं राहिलेलं प्रशिक्षण मी घेतलं होतं. परीक्षेत बरोबर उत्तर लिहिलं होतं. झाडाचा यात दोष नाही. त्यानं आपलं काम केलं, घसा शांत केला. त्या शांततेच्या भरवशावर मी झोपलो, ही चूक माझी.

हे सगळं आज कोरमंगलात बसून का सांगतोय, तर मुलेन इथेही येऊन पोचला आहे. कालव्याकाठचा नव्हे, बाटलीतला. सकाळी आमच्याबरोबर फिरायला एक गृहस्थ येतात. मूळचे धारवाडचे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्यांच्या परवानगीनं सांगतो. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी खिशातून ड्रॉपर असलेली छोटी बाटली काढली. ऑनलाइन मागवलेली. म्हणाले, "मुलेनच्या पानांचा अर्क. फुप्फुसं धुऊन निघतात. या धुळीत आपल्याला हे हवंच." मी विचारलं, खोकला किती दिवस आहे? "होईल सव्वा महिना. पण आता कमी आहे."

आता कमी आहे! माझ्या पोटात गोळा आला.

त्या बाटलीबद्दल थोडं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मुलेनला जागा दिली आहे, ती फुलाला, पानाला नव्हे. आणि तीही सर्दी आणि कोरड्या खोकल्याबरोबरच्या घसादुखीपुरती, परंपरागत वापराच्या आधारावर. म्हणजे पिढ्यान् पिढ्या वापरतात म्हणून चालेल, सिद्ध झालंय म्हणून नव्हे. फुप्फुसं 'धुणं' त्यात कुठेही नाही. दुसरी गोष्ट ओळखीची. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना विचारा, डिजिटॅलिसच्या पानांतली भेसळ कुठली? उत्तर, मुलेनचं पान. डिजिटॅलिस म्हणजे फॉक्सग्लोव्ह, हृदयाचं औषध, मात्रा चुकली तर जीव घेणारं. १७८५ मध्ये विल्यम विदरिंगनं त्यावर पुस्तक लिहिलं. निलगिरीत ते झाड बागांतून निसटून रानात वाढतं. पहिल्या वर्षीचे दोन्ही पानांचे गालिचे एकमेकांसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मुलेनचे केस झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले दिसतात, त्यावरून ओळखायचं. जी दोन पानं शिकलेल्या माणसाला भिंगाखाली धरावी लागतात, ती कुणीतरी डोंगरात खुडून, सुकवून, अर्क काढून पाठवतं आणि आपण जिभेखाली थेंब सोडतो.

आणि कालव्याकाठचं धाकटं फूल? त्यालाही मुलेनच म्हणायचं, पण उपयोग वेगळा. बंगालात त्याला कुकशिमा म्हणतात आणि पानांचा रस आमांशावर देत. थोरला खोकल्याचा म्हणून धाकटाही खोकल्याचा, असं होत नाही. नातवाला हे मुद्दाम सांगितलं, कारण त्याचा पुढचा प्रश्न तोच होता.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. गाडीत ते रुसून बसले होते. "मला काय टीबी होतोय? मी रोज पाच किलोमीटर चालतो." मी म्हटलं, माझा शिपाई याहून जास्त चालायचा. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. सहा महिन्यांचा कोर्स आता निम्म्यावर आला आहे, वजन चढतंय, आणि माझ्याशी पुन्हा बोलायलाही लागले आहेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बाटली त्यांनी टाकली नाही, फडताळात ठेवली आहे. दोन हजार रुपये पडले म्हणे.

जाता जाता एक शेवटची गोष्ट, कारण ती नातवाला सगळ्यात आवडली. १८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या शेतकी कॉलेजात विल्यम बील नावाचे प्राध्यापक होते. तणाचं बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओल्या वाळूत मिसळून, वीसेक प्रकारच्या तणांचं प्रत्येकी ५० बी भरलं. बाटल्या तोंड उघडं ठेवून उलट्या पुरल्या, आणि जागेचा नकाशा करून ठेवला. ठरलेल्या वर्षांनी एकेक काढायची. आधी पाच वर्षांनी काढत, मग दहा, आता वीस. शेवटची बाटली २१०० मध्ये निघेल. प्रयोग करणारे कधीच गेले, नकाशा हातोहात पुढे जातो. २००० मध्ये, १२० वर्षांनी, बाटली काढली तेव्हा ब्लाटेरिया मुलेनच्या ५० पैकी २३ बिया रुजल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुढची काढली, रात्री, मंद हिरव्या दिव्यात, कारण उजेड लागला तर बी जागं होतं. तेव्हा मुलेनखेरीज काहीच उगवलं नाही. १४१ वर्षं मातीत पडून, पहिला उजेड दिसताच उभं राहिलं.

पुढची बाटली २०४०. मी एक्याऐंशीचा असेन, नातू सत्तावीसचा.

मार्चमध्ये महापालिकेचं जेसीबी आलं आणि कालव्याची कड साफ करून गेलं. आमचं झाड गेलं. नातू हिरमुसला. मी त्याला ती उकरलेली, उघडी माती दाखवली. यंत्रानं काम चोख केलं होतं, चांगली वीतभर खोल खणून. जानेवारीत पुन्हा जाणार आहोत बघायला.